मी न केलेला अर्ज

मल्लेश्वरमच्या आमच्या मराठी मंडळाच्या व्यवस्थापकपदी माझी एकमताने निवड झाली. मंडळात एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. एरवी आमच्याकडे राष्ट्रगीतालासुद्धा काही जण आधी उठतात आणि काही जण कोण कोण उठलं ते बघून. तर निवड झाली, शाल दिली, फोटो काढला, फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.

हे सगळं आपण विसरून जाऊ. असं काही झालेलं नाही. मी हरी उमाठे, मूळचा नागपूरचा, वय लग्नाचं, राहणार मंडळाच्याच पाहुण्यांच्या खोलीत, नोकरी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टरची. टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधायच्या, त्या सौम्य शब्दांत कळवायच्या आणि मग त्या चुका नसून तसंच ठरलेलं होतं हे ऐकून घ्यायचं. मी कोणत्याही पदावर नाही. इथून सुरुवात करू.

आमच्या मंडळात दोन प्रकारचे मराठी लोक आहेत. पहिले म्हणजे दोन-तीन पिढ्यांमागे बेळगाव-निपाणीकडून आलेले. यांची घरं बसवनगुडीत, स्वतःची. कन्नड पक्कं, आणि एकमेकांना ते अण्णा-अक्का म्हणतात. दुसरे म्हणजे पुण्या-मुंबईहून आयटीत आलेले. यांची घरंही स्वतःचीच, पण बँकेला अजून तसं वाटत नाही. पहिल्यांच्या मते दुसऱ्यांना मंडळ म्हणजे काय ते कळत नाही, आणि दुसऱ्यांच्या मते पहिल्यांना पार्किंग म्हणजे काय ते कळत नाही. नागपूरचा माणूस या दोन्हींत बसत नाही. मी दोन्ही बाजूंना परका वाटतो, आणि दोन्ही बाजू मला ते विसरू देत नाहीत.

मंडळाचा एक हॉल आहे. मुंजी, बारशी, साखरपुडे, क्वचित एखादं व्याख्यान. हा हॉल चालवणारे रघुजी थकून मुलाकडे गेले, तेव्हापासून ते टेबल पवित्रा कडोलकर सांभाळत होती. हंगामी. आंब्याचाही हंगाम संपतो, पण पवित्राचा हंगाम काही संपत नव्हता. कोणता नळ कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो इथपासून कोणत्या दोन विहिणींना समोरासमोर बसवायचं नाही इथपर्यंत सगळं तिच्याकडे. तोंडाने फटकळ. माझ्या खोलीतला गीझर बिघडला तेव्हा तिने तो स्वतः दुरुस्त करवून घेतला आणि मला म्हणाली, "इंजिनियर न्हवं तुम्ही? अंघोळ तरी येते न्हवं?"

कायमच्या व्यवस्थापकाला हॉलच्या मागच्या दोन खोल्या मिळतात. पवित्राची मुलगी निधी कडोलीला, आजीजवळ. पवित्रा इथे बायकांच्या वसतिगृहात, तिथे मूल ठेवता येत नाही. कोपऱ्यावरच्या शाळेने सांगितलं होतं, पत्त्याचा पुरावा आणा, पोरीला जागा ठेवतो, पण जूनपर्यंत. म्हणजे पद मिळालं तर खोल्या, खोल्या मिळाल्या तर पत्ता, पत्ता मिळाला तर निधी. पवित्रा हे कुणाला सांगत नसे. मला कळलं कारण माझ्या खोलीची भिंत तिच्या टेबलामागे आहे आणि ती फोनवर बोलताना भिंतीचा विचार करत नाही.

तर पद भरायची बैठक बसली. अध्यक्ष श्रीरंगअण्णा यांच्या बहिणीचा मुलगा अवधूत हा एक उमेदवार. कार्यवाह बिंदुमाधव यांच्या मेव्हण्याचा मुलगा अजिंक्य हा दुसरा.

"आमचा अवधूत म्हणजे इथलाच. भाषा येते, माणसं येतात," अण्णा म्हणाले.

"अण्णा, विथ ड्यू रिस्पेक्ट, आज प्रोफेशनल माणूस पाहिजे. अजिंक्यने इव्हेंट मॅनेजमेंट केलंय," बिंदुमाधव म्हणाले.

"कुणाचं?"

"कोर्स केलाय, अण्णा."

"सरी सरी, कळलं. म्हणजे कार्य नाही केलं, कोर्स केला."

खजिनदार श्यामलाअक्का मटार सोलत होत्या. बैठकीला त्या नेहमी काहीतरी सोलायला आणतात. त्या म्हणाल्या, "पवित्रा आहे की."

त्यावर अण्णा आणि बिंदुमाधव पहिल्यांदाच एका सुरात बोलले. "ती आहेच हो. ती कुठं जाते?"

आणि पुन्हा भांडायला लागले. पक्षपात, वशिला, आपलं-परकं, एकोणीसशे कुठल्याशा साली झालेल्या नाटकातली भूमिका कुणी कुणाला दिली, हे सगळं निघालं. मी दारात उभा होतो, हातात बादली. पाणी गेलं होतं, एवढंच विचारायला आलो होतो. पण माणसाचं तोंड हे नळासारखं असतं, नको तेव्हा सुटतं. मी म्हणालो, "इतकं आहे तर एआयला विचारा ना बाप्पा."

हा विनोद होता. नागपुरात याला हसले असते.

पण आमच्या मंडळात एक रिवाज आहे: जो सुचवेल तो राबेल. फार वर्षांपूर्वी एकाने भर सभेत 'पंखा आवाज करतो' म्हटलं होतं, ते गृहस्थ आजोबा झाले तरी शिडीवर चढतात. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, बिंदुमाधवांनी पाहिलं, श्यामलाअक्कांनी मटार थांबवला. एआय निवड प्रकल्पाचा मी प्रमुख झालो. पाणी आलं नाही ते नाहीच.

मी एक ॲप शोधलं. नाव सांगत नाही, ते अजून माझ्या फोनमधून निघत नाहीये. हे ॲप उमेदवाराचं नाव, गाव, वय, नातं सगळं झाकतं, फोनच्या कॅमेऱ्यासमोर मुलाखत घेतं आणि गुण देतं. मनुष्याचा पक्षपात शून्य, असं त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पहिली अडचण भाषेची. यादीत 'मराठी' होती, पण तिच्यापुढे 'लवकरच' असं होतं.

"कन्नडात घे मग," अण्णा म्हणाले.

"मग अजिंक्यवर अन्याय. इंग्लिशमध्ये घ्या."

"मग अवधूतवर अन्याय."

शेवटी मराठी मंडळाच्या मुलाखती हिंदीत घ्यायचं ठरलं. हिंदी दोघांनाही सारखीच वाईट येत होती. निःपक्षपातीपणाची ही व्याख्या मला आधी कुणी सांगितली नव्हती.

दुसरी अडचण प्रश्नाची. संस्थेला स्वतःचा एक प्रश्न घालता येतो. अण्णांनी पिढीजात प्रश्न सुचवला, "तुम्ही कुणाचे?" ॲप लाल झालं: पक्षपाताची शक्यता. "मूळ गाव कुठलं?" लाल. "इकडं कधी आलात?" लाल. अण्णा हताश झाले, म्हणाले, "मग माणसाला विचारायचं तरी काय?" तेव्हा बिंदुमाधव अत्यंत निरागस चेहऱ्याने म्हणाले, "घरी आमटी कशी करता, असं विचारू. कॅज्युअल."

ॲप हिरवं झालं. 'उत्तम प्रश्न! यातून उमेदवाराचं व्यक्तिमत्त्व कळेल.'

आता ॲपला कोण सांगणार की आमच्यात आमटी ही जन्मदाखल्यापेक्षा भरवशाची असते? गोडा मसाला आणि गुळाचा खडा म्हटलं की माणूस पुण्याकडचा. गुळाचं नाव काढताच ज्याचं तोंड वाकडं होतं आणि जो लाल तर्रीबद्दल बोलू लागतो, तो सीमेकडचा. आडनाव झाका, गाव झाका, चेहरा झाका. आमटी सगळं ओकते. अण्णांनी बिंदुमाधवांकडे पाहिलं, बिंदुमाधवांनी अण्णांकडे, आणि दोघं अनेक वर्षांत प्रथमच एकमेकांकडे बघून हसले.

सगळं नीट चालतं का हे बघायला मी स्वतःची एक खोटी मुलाखत दिली. टेस्टरची सवय. ऑफिसातून थकून आलो होतो, फोन डब्याला टेकवला आणि समोर बसलो. मी जवळजवळ उघड्या डोळ्यांनी झोपलो होतो. आमटीचा प्रश्न आला तेव्हा गप्प राहिलो. आमच्याकडे वरण असतं. ते पिवळं असतं, भातावर असतं, त्याबद्दल मत असावं लागत नाही.

मग ॲपला शिकवायचं होतं. ते नमुन्याची उत्तरं दाखवतं आणि आपण अंगठा वर किंवा खाली करायचा, म्हणजे आपल्याला कसा माणूस हवा हे त्याला कळतं. हे सगळ्यांनी मिळून करायचं ठरलं होतं.

"स्वल्प दे रे तो फोन, हिशेबाचं काहीतरी बघायचंय," असं म्हणून अण्णा माझा फोन घेऊन व्हरांड्यात गेले. परत आले तेव्हा गूळवाले सगळे खाली. मग बिंदुमाधवांना गाडीत बसून एक अर्जंट कॉल करायचा होता, त्यांचा फोन डिस्चार्ज झाला होता. परत आले तेव्हा बिनगूळवाले सगळे खाली. श्यामलाअक्कांनी कुणाकुणाला निव्वळ 'बोलताना श्वास घेत नाही' म्हणून खाली पाडलं. ॲप म्हणालं, 'अभिनंदन! तुमच्या संस्थेची मूल्यं आम्हाला समजली.' मला अजून समजली नव्हती.

हॉलला खुर्च्या पुरवणारा नागराज हे सगळं चहा पीत बघत होता. यशवंतपूरला त्याचं स्वतःचं एक छोटं मंगल कार्यालय आहे, कांद्या-बटाट्याच्या घाऊक बाजाराच्या मागे. तो म्हणाला, "हरीअण्णा, माणूस निवडायला एवढं कशाला? 'सोमवारी येतोस काय' म्हणून विचारायचं. आला तर ठेवायचं."

"आणि चुकीचा निघाला तर?"

"मंगळवारी कळतंय की."

मी त्याला शास्त्रीय पद्धत समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकलं आणि माझ्या चहाचेही पैसे दिले, हे मला जरा लागलं.

मुलाखती झाल्या. अजिंक्य पुण्याहून, वर कोट, खाली बर्म्युडा. उठून पंखा बंद करायला गेला तेव्हा ते दिसलं. अवधूतच्या मागे पडद्याआडून कुणीतरी उत्तरं सांगत होतं आणि उत्तर बरोबर आलं की तोच आवाज "भले!" म्हणत होता. अण्णा तेव्हा घरी नव्हते, असं अण्णांनी नंतर शपथेवर सांगितलं.

पवित्रानेही अर्ज भरला होता, पण तिला वेळ मिळाली ती नेमकी एका साखरपुड्याच्या दिवशी. तिने फोन टेबलावरच्या पाण्याच्या जगला टेकवला.

"आप दबाव में कैसे काम करती हैं?" ॲपने विचारलं.

"अच्छा करती है," पवित्रा म्हणाली. तेवढ्यात मुलीची आई आली, जनरेटर बंद पडलाय. "एक मिनट रुको हां," पवित्रा ॲपला म्हणाली आणि मागे वळून ओरडली, "नागराज! खुर्च्या राहू देत, आधी डिझेल बघ!" मग मुलीच्या आईला म्हणाली, "बसा की अक्का, तुम्ही धावलात की सगळे धावतात." मग ॲपकडे, "हां, बोलो. क्या पूछा?"

"आप दबाव में कैसे काम करती हैं?"

"अरे, अभी देखा ना?"

ॲपने पाहिलं नव्हतं. ॲप तिच्या डोळ्यांकडे पाहत होतं. पुढे आमटीचा प्रश्न आला.

"जिसका कार्य है, उसको पूछके," ती म्हणाली, आणि दिवे आले.

निकाल थेट कार्यकारिणीच्या फोनवर गेला. पहिला क्रमांक: उमेदवार 'चाचणी एक'. म्हणजे मी.

स्पष्टीकरण असं एक बटण होतं. माझ्याबद्दल लिहिलं होतं: 'शांत, स्थिर, दबावाखाली संयमी. नजर हटवत नाही. कोणत्याही निकषावर नापसंती नोंदलेली नाही.' साहजिकच होतं. गूळवाल्यांना अण्णांनी पाडलं होतं, बिनगूळवाल्यांना बिंदुमाधवांनी. ज्याने काही म्हटलंच नाही त्याला पाडायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ऑफिसातल्या वार्षिक मूल्यमापनात मला आजवर 'उपस्थित असतो' याहून चांगला शेरा मिळालेला नाही, म्हणून मी तो निकाल थोडा जास्त वेळ वाचला, हेही सांगून टाकतो. मग पवित्राचा उघडला. 'लक्ष वारंवार विचलित. मुलाखत मध्येच थांबवली. निर्णय दुसऱ्यांवर सोपवण्याची प्रवृत्ती.' शेवटचा क्रमांक.

मी स्वतःला यादीतून काढायला गेलो. ॲपने कारण विचारलं. 'या उमेदवाराने अर्ज केलेला नाही' असं मी लिहिलं. ॲप म्हणालं, आत्मविश्वासाच्या अभावामुळे उमेदवाराला वगळणं हा पक्षपात ठरू शकतो. मदतकेंद्राला लिहिलं. तिथलं यंत्र म्हणालं, निकालाविरुद्ध अपील करता येतं, पण ते फक्त नापास उमेदवाराला. निवड झालेल्याची तक्रार असू शकत नाही. मग मी पवित्राच्या वतीने अपील केलं. ते तपासणीसाठी संस्थेच्या प्रशासकाकडे आलं. प्रशासक मी. मी लगेच मंजूर केलं. ॲप म्हणालं, प्रशासक स्वतः उमेदवार असल्यामुळे हितसंबंधांचा संघर्ष आहे, अपील फेटाळण्यात येत आहे. आख्ख्या प्रकरणात न्यायाचा मुद्दा ॲपला तेवढ्या एकाच वेळी सुचला.

बैठकीत मी उभा राहिलो. "हे चुकून झालंय. मी उमेदवारच नाही. मी झोपलो होतो."

"इट शोज ह्युमिलिटी," बिंदुमाधव म्हणाले.

"मला नोकरी आहे हो!"

"मग तर उत्तम, पगाराचा प्रश्न मिटला," अण्णा म्हणाले. "मानद व्यवस्थापक."

"अण्णा, अहो पवित्राला..."

"आम्ही कुठं नाही म्हणतोय? मशीन म्हणतंय. मशीनला आपलं नाही, परकं नाही." अण्णांचा चेहरा कधी नव्हे इतका मोकळा होता. अवधूत गेला होता, पण अजिंक्यही गेला होता. बिंदुमाधवांचंही तेच, उलट बाजूने. दोघांना हरल्याचं दुःख नव्हतं, कारण दुसरा जिंकला नव्हता. अशा आनंदाला आमच्या मंडळात एकमत म्हणतात.

"आणि रोजचं काम?" श्यामलाअक्कांनी विचारलं. आज लसूण होता.

"पवित्रा आहेच की," दोघं म्हणाले.

मागच्या दोन खोल्यांत सतरंज्या ठेवायचं ठरलं, कारण मला आधीच एक खोली होती.

मग ती शाल. मग तो फोटो. ज्याबद्दल आपण बोलत नाही आहोत.

मी खाली आलो तेव्हा पवित्रा टेबलाचा कप्पा रिकामा करत होती. कंगवा, बामची बाटली, निधीचा शाळेच्या गणवेशातला फोटो. मी म्हणालो, "मी ॲपवाल्यांना पुन्हा लिहितो. नक्की काहीतरी..."

"र्‍हाऊ द्या ओ."

"पण हा अन्याय आहे."

"मला काय ते नवीन हाय?" तिने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. जुडगा फार जड होता, नंतर कळलं की त्यातल्या निम्म्या किल्ल्यांना कुलपंच नाहीत. "रघुजी गेले तेव्हापास्नं दरवर्षी विचारत होते मी अण्णांना, कायम कधी करणार. नाही म्हणायचे, पण मान खाली घालून म्हणायचे. तेवढं तरी होतं. आता तुम्ही असलं आणून दिलंय त्यांना, की मान वर करून नाही म्हणता येतंय."

मी शांत, स्थिर, संयमी उभा राहिलो.

"आणि हे बघा," दारातून वळून ती म्हणाली, "स्वयंपाकघरातला डावीकडचा नळ उजवीकडं फिरवायचा. विसरलासा तर पोहायला शिका."

बाहेर नागराजचा खुर्च्यांचा टेम्पो उभा होता. पुढच्या सीटवर बामची बाटली चढली, मग ती. नागराजने तिला यशवंतपूरच्या कार्यालयासाठी विचारलं होतं. काय विचारलं ते मी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "सोमवारी येतीस काय म्हणलो. ती म्हणली, खोली आहे काय. मी म्हणलो आहे, पण कांद्याचा वास येतोय. ती म्हणली, पोरगीला कांदा आवडतोय." मुलाखत संपली.

निधी जूनच्या आत आली. शाळा यशवंतपूरची.

माझं म्हणाल तर दिवसा मी दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि संध्याकाळी स्वतःच्या करतो. एकाच तारखेला मुंज आणि डोहाळजेवण दिलं. मुंजमुलाच्या ओटीत सगळ्यांनी नारळ घातले. नळ डावीकडे फिरवला. काहीही अडलं की पवित्राला फोन लावतो. ती उचलते, "मी तिथली व्यवस्थापक न्हवं," असं म्हणते आणि सांगते. अण्णांना हे कळलं तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "बघ, ती आहेच की. फोनवर."

शेवटी मी रीतसर अर्ज केला. मंडळाचा नियम असा की कोणताही अर्ज आधी व्यवस्थापकाकडे द्यावा, त्याने तो तपासून पुढे पाठवावा. मी तो स्वतःकडे दिला, मला थोडा वेळ थांबवलं आणि स्वतःच पोहोच दिली. तो असा:

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी यांस,

विषय: मला काढून टाकण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराने सदर पदासाठी अर्ज केलेला नसून तो मुलाखतीच्या वेळी झोपेत होता, ही बाब पात्रता म्हणून नव्हे तर अपात्रता म्हणून विचारात घ्यावी. सतरंज्या खोल्यांतून बाहेर काढून त्या खोल्या श्रीमती पवित्रा कडोलकर यांस मागील तारखेपासून देण्यात याव्यात. त्यांना परत बोलावण्यासाठी अध्यक्ष व कार्यवाह यांनी कोणतेही यंत्र न वापरता, यशवंतपूरला समक्ष जावे, कांद्याचा वास सहन करावा आणि जे काही म्हणायचे असेल ते मान खाली घालून म्हणावे. त्यांनी नाही म्हटल्यास तो निर्णय निःपक्ष समजण्यात यावा, ही नम्र विनंती.